हप्त्याची फोड

मध्यंतरी एक मित्र विम्याचा कागद घेऊन आला. छापील तक्ता होता. डावीकडे वर्षं, मधे दरवर्षीचा हप्ता, उजवीकडे मुदतीअखेर मिळणारी रक्कम. वर्षाला १०० भरायचे, २० वर्षं भरायचे, शेवटी ३,००० हातात. आकडे मी सोयीसाठी छोटे केलेत. चलन कुठलंही धरा, शून्यं हवी तेवढी वाढवा, हिशेब बदलत नाही. त्या ३,००० भोवती एजंटनं निळ्या पेनानं गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘दीडपट! विमा मोफत.’

“दोन हजार भरायचे, तीन हजार घ्यायचे, वर विमा फुकट. यात खोट काय आहे ते सांग,” तो म्हणाला.

“उद्या तू गेलास तर घरच्यांना किती मिळतील?”

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. तक्त्याखाली बारीक अक्षरात आकडा सापडला. २,०००. त्याचं वर्षाचं उत्पन्न याच मापानं १,०००. त्याच्या पगारावर चालणारं घर, त्यात धाकटी मुलगी चार वर्षांची. तो गेला तर विम्याचे पैसे दोन वर्षं पुरणार, म्हणजे मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत.

विमा घेताना पहिला प्रश्न बहुधा ‘पैसे परत किती मिळतील?’ हाच असतो आणि माझ्या मते गाडी तिथेच रुळावरून घसरते. आगीचा विमा उतरवताना कुणी विचारत नाही की घर जळलं नाही तर पैसे परत देणार का. आयुर्विम्याला मात्र हमखास विचारतात. मग विकणारेही उत्तर तयार ठेवतात, आणि त्या उत्तराचा खर्च आपल्याच हप्त्यात घातलेला असतो.

हप्त्यात काय काय असतं

कुठल्याही पॉलिसीचा हप्ता घ्या, त्यात दोन किंवा तीन गोष्टी कालवलेल्या असतात. एक म्हणजे जोखमीची किंमत : मुदतीत तुमचा मृत्यू झाला तर जी रक्कम द्यावी लागेल, तिच्यासाठीची वर्गणी. दुसरी खर्च : कमिशन, वैद्यकीय तपासणी, ऑफिस, जाहिराती आणि कंपनीचा नफा. तिसरी असली तर बचत, म्हणजे तुमचेच पैसे पुढे तुम्हालाच परत द्यायला बाजूला काढलेले. साध्या मुदत विम्यात, ज्याला सगळे टर्म म्हणतात, पहिल्या दोनच असतात. मुदतीत मृत्यू झाला तर वारसांना पूर्ण रक्कम. नाही झाला तर कुणालाच काही नाही.

जोखमीची किंमत म्हणजे काही गूढ नाही. समजा, ३५ वर्षांचे, तब्येतीनं धडधाकट, सिगारेट न ओढणारे २,००० लोक एकत्र आले आणि त्यांतला एक जण वर्षभरात जाईल असा अंदाज आहे. जो जाईल त्याच्या घरी १०,००० द्यायचे असं ठरलं, तर प्रत्येकानं ५ काढले की झालं. त्या वर्षापुरता विमा एवढाच. पुढच्या वर्षी सगळे एका वर्षानं मोठे, म्हणून वर्गणी किंचित जास्त. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ या गणितज्ञानं दाखवून दिलं की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता वयाबरोबर पटीपटीनं वाढत जाते. आजच्या आकड्यांत ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. म्हणजे ३५ व्या वर्षी ५, ४३ व्या वर्षी १०, ५१ ला २०, ५९ ला ४०, ६७ ला ८०, आणि ७५ ला १६०. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आता दरवर्षी वाढणारी वर्गणी कुणाला नको असते. म्हणून कंपनी मुदतभराची सरासरी काढून एकच सपाट हप्ता ठरवते. ३५ ते ५५ अशा २० वर्षांसाठी, खर्च धरून, १०,००० च्या विम्याला तो समजा १५ पडला. सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही गरजेपेक्षा जास्त भरता, शेवटच्या वर्षांत कमी. मधल्या काळात ते जादाचे पैसे कंपनीकडे राखीव राहतात. आज हे सरळ वाटतं, पण माणसाला ते सुचायला वेळ लागला. १६९३ मध्ये एडमंड हॅलीनं, तोच तो धूमकेतूवाला, ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाला किती माणसं उरतात याचा तक्ता छापला. तरीही १७०६ मध्ये लंडनला निघालेली अमिकेबल सोसायटी तरुण-प्रौढ सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेत राहिली. जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकाला तिथे वय जास्त म्हणून प्रवेश मिळाला नाही. तो घरी जाऊन हिशेबाला बसला आणि वयाप्रमाणे ठरणाऱ्या, पण मुदतभर न बदलणाऱ्या हप्त्याची पद्धत त्यानं मांडली. १७५७ मध्ये तो वारला. त्याच्या पद्धतीवर चालणारी इक्विटेबल सोसायटी १७६२ मध्ये सुरू झाली. आज आपण भरतो तो सपाट हप्ता एका नाकारलेल्या अर्जातून आला आहे.

तर मित्राच्या १०० मध्ये जोखमीचा वाटा किती? त्याचं कवच, म्हणजे तो गेला तर घरच्यांना मिळणारी रक्कम, फक्त २,००० ची, आणि वर धरलेल्या दरानं १०,००० ला १५ लागतात तर २,००० ला ३. उरलेले ९७ म्हणजे बचत आणि खर्च. ‘मोफत विमा’ खरोखरच जवळपास मोफत होता, कारण तो जवळपास नव्हताच.

दीडपट म्हणजे किती टक्के?

दोन हजारांचे तीन हजार. तोंडी हिशेबात पन्नास टक्के वाढ, छान वाटतं. पण हे पैसे वीस वर्षांत हळूहळू भरलेले आहेत. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा एकच वर्ष. चक्रवाढीनं मांडलं तर हा व्यवहार वर्षाला साधारण ३.७ टक्क्यांचा आहे. दीडपटीऐवजी दुप्पट, म्हणजे ४,००० मिळणार असते तर दर ६.२ टक्क्यांच्या आसपास गेला असता. ‘इतके पट’ असं कुणी म्हटलं की लगेच ‘वर्षाला किती टक्के?’ असं विचारायची सवय लावून घ्या. स्प्रेडशीटमध्ये हप्ते वजा चिन्हानं आणि मिळणारी रक्कम अधिक चिन्हानं एकाखाली एक लिहा, आयआरआर नावाचं सूत्र लावा, उत्तर येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

महागाईचंही बघू. ती वर्षाला ५ टक्के धरली, तर २० वर्षांनंतरच्या ३,००० ची आजची खरेदीशक्ती साधारण १,१३० होते. (हप्तेही पुढे पुढे हलके वाटतात हे खरं, पण गोल हप्त्याभोवती नव्हता, ३,००० भोवती होता.)

मग दुसरा मार्ग मांडून पाहिला. १०० मधले १५ टर्मला द्यायचे, १०,००० चं कवच घ्यायचं आणि उरलेले ८५ दरवर्षी स्वतः साठवायचे. वीस वर्षांनी त्या ८५ चे ३,००० व्हायला ५.१५ टक्क्यांच्या आसपास दर लागतो. तेवढा मिळाला, तर शेवटी हातात तीच रक्कम आणि वीस वर्षं कवच मात्र पाचपट. समजा नाही मिळाला, त्याच ३.७ टक्क्यांवर बसलो, तर शेवटी साधारण २,५४५ जमतात. म्हणजे साडेचारशे कमी. हे साडेचारशे म्हणजे २० वर्षं ८,००० चं जादा कवच सांभाळल्याची किंमत. आणि मधेच काही झालं, तर घरच्यांना १०,००० मिळतील, शिवाय तोवर साठलेलेही त्यांचेच.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे. ‘उरलेले साठवू’ असं म्हणणारे सगळे साठवत नाहीत. हप्त्याचा धाक असल्याशिवाय ज्यांच्या हातून पैसा बाजूला पडत नाही, त्यांच्यासाठी ३.७ टक्के हे शून्यापेक्षा बरे. काही ठिकाणी विम्याच्या बचतीला करात सवलत असते, तीही हिशेबात धरावी. पण मग ते बचतीचं साधन म्हणून तोला, दुसऱ्या बचतींच्या शेजारी ठेवून. आणि तक्त्यातला कोणता आकडा हमीचा आणि कोणता ‘बोनस असाच मिळत राहिला तर’ या प्रकारचा, हे लेखी विचारून घ्या. दोन्ही आकडे एकाच टायपात छापलेले असतात.

आजन्म विम्याचंही असंच. तो कधी ना कधी द्यावाच लागतो, कारण मरण कुणाला चुकलेलं नाही. म्हणून कंपनीला प्रत्येक ग्राहकामागे पूर्ण रकमेची तयारी ठेवावी लागते आणि हप्त्याचा मोठा भाग बचतच असतो. वारसांसाठी ठरावीक रक्कम ठेवून जायचीच आहे, किंवा आयुष्यभर सांभाळावं लागेल असं कुणी घरात आहे, तर त्याचा उपयोग आहे. एरवी नाही.

मधेच सोडलं तर

१८४४ मध्ये अमेरिकेतला एलिझर राइट नावाचा गणितज्ञ लंडनला गेला होता. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला माणूस. तिथल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये त्यानं एक लिलाव पाहिला. हप्ते भरणं झेपेनासं झालेले म्हातारे आपापल्या पॉलिसी विकायला आले होते. सट्टेबाज त्या म्हाताऱ्यांना न्याहाळून बोली लावत होते : हा किती दिवस काढेल, तोवर किती हप्ते भरावे लागतील, मेल्यावर किती मिळतील. राइटला गुलामांच्या बाजाराची आठवण झाली. त्या काळी हप्ता चुकला की वर्षानुवर्षं भरलेलं सगळं कंपनीच्या घशात जायचं. विकण्यावाचून उपाय नव्हता. परत गेल्यावर तो या प्रश्नाच्या मागेच लागला आणि १८६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात कायदा झाला की हप्ता थांबला तरी ग्राहकाची राखीव रक्कम अशी गडप करता येणार नाही.

आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर परत मिळणारी रक्कम, त्या भांडणातून आलेली आहे. पण ती मिळते म्हणजे भरलेलं सगळं मिळतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा भाग कमिशनमध्ये आणि पॉलिसी काढण्याच्या खर्चात जातो, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत सोडलं तर हातात फार थोडं येतं, कधी काहीच येत नाही. म्हणून बचतवाली पॉलिसी घेण्याआधी मुदतीअखेरचा आकडा बघण्यापेक्षा तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी सोडली तर काय मिळेल ते विचारा. वीस वर्षांत नोकरी जाऊ शकते, आजारपण येऊ शकतं, संसार मोडू शकतो. वीस वर्षं न चुकता हप्ता भरला जाईल हे गृहीत धरूनच तो तक्ता छापलेला असतो.

आधीच अशी पॉलिसी असेल तर? भरलेले पैसे गेले ते गेले, ते हिशेबातून काढा. आज सोडली तर किती मिळतील, आणि चालू ठेवली तर इथून पुढे भरायच्या पैशांवर किती टक्के पडतात, एवढीच तुलना करायची. पुष्कळदा जुनी पॉलिसी शेवटच्या काही वर्षांत ठेवणंच फायद्याचं निघतं, कारण खर्चाचा मोठा घास सुरुवातीलाच गिळून झालेला असतो. हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी तशीच ठेवण्याची सोयही अनेकदा असते. आणि बदलायचीच असेल, तर नवी हातात पडल्याशिवाय जुनी सोडू नका. नव्या तपासणीत साखर वाढलेली निघाली तर दोन्हीकडून जाल.

भोक केवढं आहे?

कवच किती घ्यावं यावर ‘उत्पन्नाच्या दहा पट’ असा ठोकताळा सांगतात. अंदाजाला ठीक आहे, पण कागदावर मांडणं अवघड नाही. मित्राबरोबर बसून मांडलं ते असं. तो नसेल तर, त्याचा स्वतःचा खर्च वजा करून आणि बायकोचं उत्पन्न धरून, घराला वर्षाला ६०० कमी पडतील. मुलगी कमावती होईपर्यंत अशी २० वर्षं धरली : १२,०००. कर्ज शिल्लक २,५००. शिक्षणाला वेगळे १,०००. झाले १५,५००. यातून आजची बचत १,५०० वजा. उरले १४,०००. विम्याच्या पैशांवर व्याज मिळेल आणि खर्चही महागाईनं वाढेल. दोघं एकमेकांना खातात असं धरलं. यापेक्षा बारीक हिशेब करण्यात फारसा अर्थ नाही.

घर सांभाळणाऱ्या, न कमावणाऱ्या माणसाचा विमा लोक विसरतात. ती व्यक्ती गेली तर मुलांना बघायला, म्हाताऱ्यांचं करायला, घर चालवायला पैसे मोजून माणूस ठेवावा लागतो, किंवा कमावणाऱ्याला काम कमी करावं लागतं. ते भोकच आहे, ते मोजा. उलट लहान मुलांच्या आयुष्याचा विमा मला कधी पटलेला नाही. मूल गेल्यानं जे जातं ते पैशाच्या भोकात बसत नाही. मुलांसाठी काही करायचं तर आईबापाचा विमा वाढवा. आणि ज्याच्यावर कुणीच अवलंबून नाही, त्याला आयुर्विमा बहुधा लागतच नाही, कुणी कितीही सुंदर तक्ता दाखवो.

मुदत किती, याला मघाचा क्रम आठवा. ३५ व्या वर्षी ५ असलेली जोखीम ७५ व्या वर्षी १६०, म्हणजे ३२ पट. मुलं कमावती झाली, कर्ज फिटलं, निवृत्तीपुरती पुंजी झाली की कवचाची गरज संपत आलेली असते, आणि किंमत नेमकी तिथून आकाशाला भिडते. ‘८५ वर्षांपर्यंत संरक्षण’ ऐकायला भारदस्त वाटतं. शेवटच्या पंधरा-वीस वर्षांच्या महागड्या जोखमीचे पैसे तुम्ही पस्तिशीपासूनच भरत असता. कर्जापुरतं कवच हवं असेल, तर कर्जाबरोबर कमी होत जाणारा विमा आणखी स्वस्त पडतो. सगळी गरज एका पॉलिसीत कोंबण्यापेक्षा एक वीस वर्षांची आणि एक दहा वर्षांची अशा दोन घेतल्या, तरी कित्येकदा पैसे वाचतात.

स्वस्त आणि महाग, एकाच तागडीत

टर्मची तुलना सोपी, कारण माल एकच असतो. तरी एक गोष्ट बघा : हप्ता मुदतभर बांधलेला आहे, की काही वर्षांनी फेरआढावा घेऊन वाढवायचा हक्क कंपनीनं राखून ठेवलाय? दुसरा प्रकार सुरुवातीला स्वस्त दिसतो, म्हणूनच तो दाखवतात. नोकरीतून मिळणारा गटविमा जरूर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका; नोकरी सुटली की तोही सुटतो, आणि तेव्हा तुमचं वय वाढलेलं असतं.

‘मुदत संपल्यावर सगळे हप्ते परत’ देणारा टर्म विमा सध्या जोरात विकला जातो. साध्या टर्मचा हप्ता २० आणि या प्रकाराचा ३८ समजू, मुदत ३० वर्षं. शेवटी १,१४० परत. खरं तर तुम्ही दरवर्षी १८ जास्त भरता आणि त्या १८ चे तीस वर्षांनी १,१४० होतात : साधारण साडेचार टक्के. ज्याला तेवढ्यावर समाधान आहे त्यानं घ्यावा, पण ‘फुकट’ हा शब्द मनातून काढून.

मासिक हप्ता सोयीचा असतो. वर्षाला एकरकमी १००, किंवा महिन्याला ८.७५ म्हणजे वर्षाचे १०५, असं असेल तर ‘पाचच टक्के जास्त’ वाटतं. पण तुम्ही उधार घेता ती रक्कम महिन्यागणिक कमी होत असते, त्यामुळे खरा व्याजदर अकरा टक्क्यांच्या वर जातो. एकरकमी भरणं जमत असेल तर भरा.

रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली शेपटं. अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम देणारं शेपूट स्वस्त असतं, कारण बहुतेक मृत्यू आजारानं होतात. आणि घरच्यांची गरज मृत्यू कशानं झाला यावर थोडीच ठरते? १४,००० लागणार असतील तर १४,००० चं साधं कवच घ्या. अपंगत्व आल्यास पुढचे हप्ते माफ करणारं शेपूट मात्र मला आवडतं, कारण पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी बंद पडण्यापासून ते वाचवतं. गंभीर आजाराचा विमा हा वेगळाच विषय, तिथे प्रत्येक आजाराची व्याख्या वाचावी लागते.

नवराबायकोंचा संयुक्त विमा बहुधा पहिल्या मृत्यूला एकदाच पैसे देऊन संपतो आणि मागे राहिलेल्याला उतारवयात नव्यानं विमा शोधावा लागतो. दोन वेगळ्या पॉलिसींचा भाव आधी काढा. फरक बऱ्याचदा किरकोळ असतो.

बारा महिने म्हणजे किती दिवस?

आयुर्विम्याच्या ज्या जुन्यात जुन्या पॉलिसी ज्ञात आहेत, त्यांतली एक १८ जून १५८३ ची, लंडनमधली. विल्यम गिबन्स नावाच्या माणसाच्या आयुष्यावर रिचर्ड मार्टिन यानं बारा महिन्यांसाठी काढलेली. गिबन्स १५८४ च्या मे महिन्यात वारला, वर्ष पुरं व्हायच्या आत. विमा देणाऱ्यांनी हात वर केले. त्यांचं म्हणणं, बारा महिने म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बारा चांद्रमास, ते संपले. मग हा माणूस मेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि विमा देणाऱ्यांना पैसे मोजावे लागले. इतक्या जुन्या पॉलिसीचंही भांडण व्याख्येवरूनच झालं, आणि तेव्हापासून आजतागायत ती वाचायला बारीक अक्षरच मिळतं.

पण बहुसंख्य दावे अडकतात ते व्याख्यांपेक्षा अर्जातल्या उत्तरांवर. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशानं एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात तत्त्व मांडलं की विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी आपल्याला माहीत असलेलं महत्त्वाचं काही दडवू नये. माझ्या मित्राच्या अर्जाचा मसुदा एजंटनंच भरून ठेवला होता. ‘धूम्रपान : नाही.’ मी त्याच्याकडे बघितलं.

“शनिवारी एखादी. तीही कुणी दिली तर,” तो म्हणाला.

“मग ‘हो’ लिही.”

सिगारेट ओढणाऱ्याचा हप्ता बराच चढा असतो, कित्येकदा दुपटीच्या आसपास. म्हणूनच इथे खोटं बोलायचा मोह होतो, आणि दाव्याच्या वेळी डॉक्टरांचे जुने कागद मागवले जातात तेही म्हणूनच. वडिलांना लवकर आलेला हृदयविकार, पाच वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी, सगळं लिहा. अर्ज स्वतःच्या हातानं भरा आणि त्याची प्रत मागून घ्या. काही कंपन्या ठरावीक काळ सिगारेट सोडल्यावर कमी दर लावतात, तेही विचारा.

कंपनी निवडताना दावे मंजूर होण्याचं प्रमाण सांगितलं जातं. ते आकडे जपून वाचावेत. शंभरातले ९८ दावे दिले म्हणताना त्यांत वीस वर्षं जुन्या, छोट्या रकमेच्या पॉलिसींची भर असते; तुम्हाला कळायला हवं ते नव्या आणि मोठ्या रकमेच्या दाव्यांचं काय होतं. रकमेच्या हिशेबातलं प्रमाण मिळालं तर ते जास्त बोलकं. एक-दोन टक्क्यांच्या फरकासाठी मात्र दुप्पट हप्ता देऊ नये.

मित्रानं निळा गोल असलेला कागद परत केला. १४,००० चा वीस वर्षांचा टर्म घेतला. सिगारेट लिहिल्यामुळे हप्ता २१ च्या ऐवजी ३८ पडला आणि त्या रागात शनिवारची सिगारेट सुटली, असं तो सांगतो. उरलेले ६२ दर वर्षी पगार जमा होताच दुसऱ्या खात्यात जातील अशी सूचना त्यानं बँकेला देऊन ठेवली आहे.

हे सगळं झाल्यावर त्याच्या बायकोनं एकच प्रश्न विचारला : “भावजी, उद्या खरंच वेळ आली तर मी फोन कुणाला करायचा?” त्या दोघांनाही ते माहीत नव्हतं. नॉमिनी म्हणून तिचं नाव होतं, पण पॉलिसी त्याच्या ईमेलमध्ये आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात. आता पॉलिसीचा नंबर, कंपनीचा फोन, लागणाऱ्या कागदांची यादी आणि दुसऱ्या खात्याचा तपशील एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. कागद तोच वापरला, एजंटच्या जुन्या तक्त्याची कोरी बाजू.